जुनी नॅनो की जुनी अल्टो? बडोद्यात गाडी घेण्याआधी काय आणि कसं तपासायचं

कमी पैशात, शहरात फिरायला छोटी जुनी पेट्रोल गाडी हवी म्हणून कुणी शोधायला लागलं की बडोद्यात दोन नावं हमखास पुढे येतात: टाटा नॅनो आणि मारुती अल्टो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या जुन्या वाड्यांपुढे दोन्ही उभ्या दिसतात, बहुतेक एकाच घरात वर्षानुवर्षं वापरलेल्या. आकार, वय आणि किंमत पाहून त्या एकाच पंक्तीतल्या वाटतात. म्हणून लोक एकच यादी घेऊन दोन्ही तपासतात: रंग, टायर, एसी, किलोमीटर.

तिथेच फसगत होते. अल्टोचं इंजिन पुढे आहे आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. नॅनोचं इंजिन मागे आहे आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे दोन्ही गाड्या वेगवेगळ्या जागी झिजतात, रस्त्यावर वेगळ्या वागतात आणि पुराचं पाणी शिरलं तर वेगवेगळ्या ठिकाणी सडतात. अल्टोसाठी चोख असलेली चाचणी नॅनोला लावली तर बिघडलेली नॅनोही पास होते. हा लेख त्यासाठीच आहे. इथे अल्टो म्हणजे ७९६ सीसीची साधी अल्टो आणि अल्टो ८००. अल्टो के१०चं इंजिन वेगळं असल्यामुळे ती यात धरलेली नाही.

आधी मांडणी डोक्यात बसवा

अल्टोत तीन सिलिंडरचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलंय. गिअरबॉक्स त्याला चिकटून, आणि तिथून दोन छोटे एक्सल पुढच्या चाकांकडे जातात. गाडी ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचा बहुतेक भार घ्यायचं अशी तिन्ही कामं पुढची चाकं करतात. मागची चाकं फक्त मागोमाग येतात. २०१२च्या ऑक्टोबरात आलेल्या अल्टो ८०० मध्ये हे इंजिन ४८ पीएस ताकद आणि ६९ एनएम टॉर्क देतं. पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम.

नॅनो १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांपुढे आली आणि २३ मार्च २००९ला बाजारात उतरली. पश्चिम बंगालमधला सिंगूरचा कारखाना सोडावा लागल्यावर गुजरातेत साणंदला नवा उभा राहिला आणि जून २०१० पासून तिथून गाड्या निघू लागल्या. म्हणून गुजरातेत नॅनो भरपूर आहेत आणि ती उघडून पाहिलेले मिस्त्रीही आहेत. तिचं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटच्या मागे, सामानाच्या जागेखाली आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ३५ पीएस, पुढे २०१२च्या सुमारास ३८. पुढचं बॉनेट उघडलं तर स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड दिसतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत.

बैल गाडी ओढतो तशी अल्टो चालते, आणि हातगाडी मागून ढकलतात तशी नॅनो. ओढणाऱ्या गाडीचं तोंड सरळ राहतं. ढकलल्या जाणाऱ्या गाडीचं तोंड हलकं असतं, ते सांभाळावं लागतं. टाटांच्या इंजिनिअरांनाही ते ठाऊक होतं, म्हणून नॅनोला पुढे अरुंद १३५/७० आर१२ आणि मागे रुंद १५५/६५ आर१२ टायर दिले. वळणावर मागची बाजू बाहेर निसटू नये हा त्यातला हेतू. ही गोष्ट लक्षात ठेवा, टायर बघताना उपयोगी पडेल.

गाडी कुठे फिरणार, ते आधी लिहून काढा

गाडी बघायला जाण्याआधी घरात बसून कागदावर लिहा: आठवड्यात कुठे कुठे जाणार, किती माणसं, किती सामान.

मांडवीच्या चारही दरवाजांच्या आतला भाग, पोळा (जुन्या अरुंद गल्ल्या), वाडी, नवापुरा, खंडेराव मार्केटची गर्दी, हाच जर तुमचा रोजचा रस्ता असेल तर नॅनोसारखी गाडी नाही. ती जेमतेम ३.१ मीटर लांब आहे आणि ४ मीटरच्या त्रिज्येत वळते. अल्टो ८०० जवळपास ३.४ मीटर लांब, वळायला ४.६ मीटर लागतात. कागदावर फरक छोटा दिसतो, पण अशा गल्लीत समोरून टेम्पो आला की तो कळतो. नॅनोची सीटही उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिच्यात शिरणं-उतरणं अल्टोपेक्षा खूप सोपं जातं. हा मुद्दा कुठल्याही जाहिरातीत येत नाही, पण कित्येक घरांत निर्णय यावरच व्हायला हवा.

नोकरीसाठी आणंद-नडियाद, किंवा दर शनिवार-रविवारी अहमदाबाद असेल तर माझं स्पष्ट मत अल्टोच्या बाजूने आहे. एक्स्प्रेस हायवेवर नॅनो चालते, पण तिचा वेग १०५ किलोमीटरला संपतो, म्हणजे ओव्हरटेक करताना हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. उंच बांधा आणि हलकं तोंड यामुळे मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंगला हिसका बसतो. शिवाय सुरुवातीच्या नॅनोंची पेट्रोल टाकी १५ लिटरची आहे, अल्टोची ३५. दोन्ही गाड्यांबद्दल एक गोष्ट सारखीच खरी: २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या सुरक्षा-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेल्या नॅनो आणि अल्टो ८००ची टक्कर-चाचणी घेतली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोघींनाही शून्य तारे मिळाले. घेणार त्यांनी हे मनात पक्कं ठेवूनच घ्यावी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा आणि हायवेवर डावी लेन सोडायची नाही.

सामानाचं थोडक्यात: २०१५च्या जेनएक्स मॉडेलआधीच्या नॅनोंना मागचं दार उघडत नाही, सामान सीट पाडून आतूनच टाकावं लागतं. गणपतीत मूर्ती आणायची, किराणा भरायचा तर हे जाणवतं.

कागद आधी, गाडी नंतर

विकणाऱ्याकडून फोनवरच आरसीचे (नोंदणीपत्राचे) दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून पडताळा. चार गोष्टी बघा.

पासिंगची, म्हणजे नोंदणीची, मुदत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. २००९-१० साली पासिंग झालेल्या नॅनोंची ती मुदत २०२४-२५ मध्ये संपली. जुन्या अल्टोंचं तर त्याआधीच. त्यापुढे गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाचं मूळ शुल्क ५,००० रुपये झालं. अर्ज करताना चालू दर पाहून घ्या, कारण वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्याहून जास्त भरावं लागतं. मुदत संपलेली गाडी ‘नंतर करून घ्या, सोपं असतं’ म्हणून गळ्यात मारली जाते. तशी घेऊ नका. नूतनीकरण विकणाऱ्याने आधी करून द्यावं, नाहीतर सगळा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

बँकेचा बोजा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हवाच. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण नाव तसंच राहिलेलं असतं. असं फार वेळा घडतं.

गाडी कुठली. बडोद्याचा जीजे-०६ नंबर असेल तर काम सोपं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून एमएचची गाडी घ्यायची झाली तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स या दोन्हींचा हिशेब आधी करा. जवळच्या माणसाची गाडी म्हणून आपण भावाला किंवा मामांना हे विचारायला संकोचतो, आणि मग एमएचचा नंबर तसाच वर्षभर फिरतो. दिल्लीची स्वस्त गाडी असेल तर दुप्पट सावध राहा. तिथे १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात.

सीएनजी. बडोद्यात सीएनजीचा मोह साहजिक आहे. किट असेल तर ते आरसीवर चढवलेलं असलं पाहिजे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झाल्याचा दाखला पाहिजे. नॅनोची कंपनीची सीएनजी आवृत्ती २०१३ मध्ये आली होती. बाहेरून किट बसवलेली नॅनो मी तरी घेऊ नका असं सांगेन, कारण मागे इंजिनाभोवती जागा आधीच कमी आहे.

बडोद्याची खास तपासणी: विश्वामित्रीचं पाणी

२०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत घरासमोर उभ्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात होत्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. म्हणून इथे गाडी घेताना ही तपासणी इंजिनाच्याही आधी करा.

पुढचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या गुंडाळीतला गाळ सहसा कुणी काढत नाही. पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर पाणी कुठवर चढलं होतं ते तिथेच कळतं. मग सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. गंज वरून आलेला आणि खालून चढलेला वेगळा दिसतो. पाण्यात राहिलेल्या गाडीत बोल्टच्या खाचेत बारीक वाळलेला चिखल बसलेला असतो, नखाने खरवडला की पिठासारखा सुटतो. सगळी मॅट उचला, खालच्या कापडाला हात लावा, वास घ्या.

इथून दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. अल्टोत इंजिन आणि बॅटरी पुढे वरच्या बाजूला आहेत, त्यामुळे गुडघाभर पाण्यात आतली वायरिंग आणि गालिचे जातात, पण इंजिन बऱ्याचदा वाचतं. नॅनोत बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. तेवढ्याच पाण्यात ती बुडते. सीटखालचं झाकण काढून बॅटरीची बैठक बघा. टर्मिनल नवे चकचकीत आणि खालचा पत्रा मात्र गंजून खवले पडलेला असेल तर बॅटरी नुकतीच बदलली आहे, आणि का बदलली हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय नॅनोचा गिअरबॉक्स मागे आणि दांडी पुढे, म्हणून गिअरच्या केबल गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. त्यात गाळ शिरला की गिअर जड पडायला लागतात, थंडीत जास्तच.

दोन्ही गाड्यांत मिस्त्रीकडून गिअर ऑइलचा बोल्ट थोडा सैल करून घ्या आणि दोन थेंब पांढऱ्या कागदावर पाडा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. तिथेच नमस्कार करून निघा.

थंड इंजिन, सकाळची वेळ

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: ‘काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर बॉनेटला हात लावा. नॅनोत मागच्या बंपरखाली सायलेन्सरजवळ हात न्या. गरम असेल तर गाडी आधीच चालवून ठेवली आहे. थंड इंजिन किती वेळ फिरल्यावर पेटतं, पहिल्या क्षणी कसला आवाज येतो, धूर निळा की पांढरा, हे फक्त एकदाच दिसतं. थोडी वाफ चालते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय.

नॅनोचा आवाज ऐकून घाबरू नका. दोन सिलिंडरचं इंजिन ठोक्यावर चालतं, आयडलला थोडी थरथर असते. रेस दिली की ती विरली पाहिजे. रेस देऊनही सीट आणि आरसा थरथरतच राहिला तर इंजिनाची माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी टेकू) गेलेली असतात.

मग एसी पूर्ण लावून गाडी उभी ठेवा, किमान पंधरा मिनिटं. शक्य असेल तर हे दुपारी करा. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२च्या वर जातो, आणि गाडीचा खरा कस तेव्हाच लागतो. रेडिएटरचा पंखा चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे, तापमानाचा इशारा लागता कामा नये. नॅनोची थंडाव्याची मांडणी मागेच आहे आणि हवा मागच्या चाकांजवळच्या बाजूच्या खाचांतून जाते. त्या खाचांत प्लॅस्टिकची पिशवी, पालापाचोळा अडकलाय का, हे वाकून बघा.

अल्टोत खास काय बघायचं

गाडी नवलखी मैदानासारख्या मोकळ्या जागी न्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पहिल्या गिअरमध्ये हळू गोल चक्कर. मग पूर्ण उजवीकडे. काच खाली, रेडिओ बंद. चाकाच्या बाजूने कट-कट-कट असा ठोका आला तर त्या बाजूच्या एक्सलचा बाहेरचा सांधा संपलेला आहे. पुढच्या चाकांच्या गाडीला हे दुखणं ठरलेलं, कारण तोच सांधा वळतोही आणि ताकदही पोचवतो.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांची पद्धत मला फार आवडते. ते ठोका ऐकू येण्याची वाटच बघत नाहीत. चाक पूर्ण वळवून आत हात घालतात आणि एक्सलवरच्या रबरी बूटाच्या घड्या बोटांनी एकेक उघडून बघतात. एकदा माझ्यासमोर त्यांनी घडी उघडली आणि आत केसाएवढी चीर, भोवती काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं. ‘भाऊ, अजून आवाज नाही, पण धूळ आत जायला लागली आहे. या पावसाळ्यानंतर वाजेल,’ म्हणाले. बूट फाटलेला आणि सांधा शाबूत असेल तर काम स्वस्तात होतं. ठोका सुरू झाला की अख्खा एक्सल बदलावा लागतो. भाव करताना हा फरक हातात असू द्या.

दुसरी गोष्ट टाइमिंग बेल्ट. अल्टोच्या या इंजिनात साखळी नाही, बेल्ट आहे, आणि तो साधारण लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो. बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून कमी करा. विकणारे काका अगदी सज्जन असले तरी ‘बदललाय बहुतेक’ या शब्दावर बेल्ट चालत नाही.

तिसरी, पुढच्या लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश आणि स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी आडवी दांडी). सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या आणि लगेच सोडा. रेस देताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर बुश गेलेत किंवा पुढचे टायर असमान झिजलेत. टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा, झीज बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते.

नॅनोत खास काय बघायचं

मागची सीट पाडा. मागे एक झाकण दिसेल. विकणाऱ्याच्या परवानगीने त्याचे स्क्रू काढायला सांगा. झाकण न उघडता नॅनो घेणं म्हणजे इंजिन न बघता गाडी घेणं, कारण बाहेरून ते दिसतच नाही. झाकणाच्या कडेचं रबर शाबूत आहे का ते बघा. ते गेलं असेल तर इंजिनाची गरम हवा आणि धुराचा वास आत येतो, आणि मागे बहुधा मुलंच बसलेली असतात.

आत वायरिंग नीट निरखा. २०१० मध्ये काही नॅनोंना आग लागल्यावर कंपनीने आधी विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत लावून दिलं होतं. सुरुवातीच्या गाडीत ते काम झाल्याची नोंद सर्व्हिस बुकात शोधा. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे नंतर बाहेरून केलेले जोड: म्युझिक सिस्टिम, जादा दिवे, सेंट्रल लॉक. चिकटपट्टीने गुंडाळलेल्या तारा सायलेन्सरच्या जवळून गेलेल्या दिसल्या तर त्या काढायला लावा, किंवा गाडी सोडून द्या.

गोल चक्करची चाचणी इथे एक्सलबद्दल काहीच सांगत नाही, कारण पुढच्या चाकांना ताकदच जात नाही. नॅनोसाठी वेगळी चाचणी: दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीसच्या आसपास जाताना रेस सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. मागून ‘ठक्’ असा एकेक ठोका आला तर एक्सलचे सांधे किंवा इंजिनाची माउंटिंग ढिली आहेत. मग गाडी उंच जागी लावून मागच्या चाकांच्या आतल्या बाजूचे रबरी बूट बघा.

टायर बघताना साइझ वाचा. कित्येक मालकांनी चारही चाकांना एकच टायर लावलेले असतात, कारण दुकानात तेच मिळाले. पुढचे-मागचे अदलाबदल करणं किंवा चारही सारखे लावणं नॅनोत चालत नाही. गाडीचा तोल त्या फरकावर बांधलेला आहे. चाकाला तीनच नट असतात, त्यातला एकही झिजलेला चालणार नाही. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी फार जुना टायर बदलायचाच, हे दोन्ही गाड्यांना लागू.

स्टिअरिंग: २०१४च्या नॅनो ट्विस्टपासून पॉवर स्टिअरिंग आलं. त्याआधीची गाडीही तोंड हलकं असल्यामुळे फारशी जड लागत नाही. उभी असताना जड लागली तर पुढचे बुश किंवा रॅक तपासा.

ट्रायल: तीन रस्ते, एकाच दिवशी दोन्ही गाड्या

शक्य असेल तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच रस्त्यांवर चालवा. लक्षात राहिलेल्या दोन ट्रायलची तुलना फसवी असते.

पहिला रस्ता गर्दीचा: रावपुऱ्यातून सुरसागरच्या बाजूने मांडवीकडे. इथे क्लच कुठे पकडतो, पहिला आणि रिव्हर्स अडकतात का, हे कळतं. दुसरा अटल ब्रिज, गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी, कारण साडेतीन किलोमीटर सिग्नल नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीसवर असताना रेस पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र चढला नाही तर क्लच प्लेट संपली आहे. मग मागे गाडी नाही हे बघून जोरात ब्रेक. नॅनो एका बाजूला खेचली तर एका चाकाचा ड्रम नीट पकडत नाही, ते बहुतेक वेळा समायोजनाने सुटतं. अल्टोत ब्रेक लावताना पायाखाली धडधड आली तर पुढची डिस्क वाकडी झालेली असते.

तिसरा रस्ता पावागड. सगळे इथवर जात नाहीत, पण तुम्ही दरवर्षी माताजीच्या दर्शनाला गाडीने जात असाल तर हा सोडू नका. हालोलमार्गे चांपानेर आणि तिथून माचीपर्यंतचा घाट, चार मोठी माणसं बसवून. नवरात्रात खासगी गाड्या खालीच थांबवतात, तेव्हा एरवीचा दिवस निवडा. चढावर वजन मागे सरकतं. अल्टोच्या ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ओल्या वळणावर, पहिल्या गिअरमध्ये एकदम रेस दिली तर पुढचं चाक किंचित फिरतं. नॅनोत उलट होतं. इंजिन, माणसं आणि चढ, सगळा भार ढकलणाऱ्या चाकांवरच येतो आणि ती घसरत नाही. तिची अडचण ताकदीची आहे: एसी बंद करावा लागेल आणि दुसऱ्या गिअरवर समाधान मानावं लागेल. उतरताना मात्र मला अल्टोचा डिस्क ब्रेक बरा वाटतो. नॅनोत उतारावर गिअर खाली ठेवा, सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात.

भाव आणि निर्णय

घरी येऊन दोन रकाने करा. प्रत्येक गाडीपुढे मागितलेली किंमत, त्याखाली लगेच करायची कामं आणि मिस्त्रीने सांगितलेला प्रत्येकाचा खर्च, पासिंगचा आणि नाव बदलण्याचा खर्च. बेरीज ज्याची कमी, ती स्वस्त. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता दोघींचा सारखाच, कारण दोन्ही १,००० सीसीच्या आत आहेत.

सुट्या भागांचा विचार वेगळा करा. अल्टोचं इंजिन इतकी वर्षं आणि इतक्या गाड्यांत चाललंय की सामान कुठल्याही गावात मिळतं. नॅनोचं उत्पादन २०१८ नंतर थांबलं. नेहमीचं सामान बडोद्यात मिळतं, पण काच, दिवे, पत्र्याचे भाग यांना वाट पाहावी लागू शकते. म्हणून ठोकर बसलेली नॅनो मी नाकारेन, थोडी ठोकर बसलेली अल्टो घेईन. आणि फक्त शहरात फिरायचं असेल, एका घरात सांभाळलेली, न भिजलेली, मूळ टायरच्या मापाची नॅनो मिळत असेल, तर तिच्याऐवजी दमलेली अल्टो घेऊ नका. नाव मोठं म्हणून वाईट गाडी घेणारे मी पाहिलेत, आणि त्यांचे दोन पावसाळे गॅरेजातच गेले.

घेतल्यानंतरचा पहिला आठवडा

इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हणाला तरी. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या वयाच्या गाड्यांच्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. कडक झालेली किंवा चिरा पडलेली नळी लगेच बदला, नॅनोत तर आधी तीच, कारण शेजारी गरम इंजिन आहे. हवा भरताना नॅनोचा पुढचा आणि मागचा दाब वेगळा असतो, मागे जास्त. पंपावरच्या मुलाला ते सांगावं लागतं, नाहीतर तो चारही चाकांत सारखीच भरेल.

विकणाऱ्याने गाडी विकल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या पैसे देतानाच घ्या, आणि गाडी हातात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनी जवळ ठेवा. विमाही त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या. नवं आरसी कार्ड आलं की त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून तपासा, चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.